मदत हवी आहे: इजेच्या कडेला मायक्रोग्लिया कोणता, मॅक्रोफेज कोणता?

उंदरांच्या मेंदूच्या कॉर्टेक्सवर नियंत्रित आघात करून तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घेतलेले काप तपासते आहे. इजेच्या कडेला आयबीए-१ या प्रथिनाच्या अँटिबॉडीने रंगलेल्या गोल, फुगीर पेशींची दाटी आहे. पण आयबीए-१ मेंदूतल्या मूळच्या रोगप्रतिकारक पेशीला, म्हणजे मायक्रोग्लियाला रंगवतो, तसाच रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशीपासून बनलेल्या मॅक्रोफेजलाही. आकारावर विसंबता येत नाही, कारण चेतलेला मायक्रोग्लियाही फांद्या आखडून गोल होतो.

टीएमईएम-११९ आणि पी२आरवाय१२ या मायक्रोग्लियाच्या खास खुणांच्या अँटिबॉडी लावून पाहिल्या. इजेपासून दूर सुरेख रंगतात, नेमके कडेला फिके पडतात. अँटिबॉडी ठीक आहेत, त्याच कापाच्या निरोगी बाजूला चोख चालतात. चेतल्यावर मायक्रोग्लिया या खुणा स्वतःच कमी करतो, त्यामुळे रंग नाही म्हणजे मॅक्रोफेज, असं मला म्हणायचं नाही. जळजळीचं खापर चुकीच्या पेशीवर फुटलं तर पुढचा सगळा अर्थच बदलेल.

ऊतक पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये स्थिर करून गोठवलेलं आहे, त्यामुळे जिवंत पेशी वेगळ्या करून सीडी-४५ या प्रथिनाची पातळी (मॅक्रोफेजवर जास्त, मायक्रोग्लियावर कमी) फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर, मोजणं शक्य नाही. सीसीआर२ या मोनोसाइटवरच्या रिसेप्टरचे जनुकबदल केलेले उंदीरही नाहीत. मोनोसाइट परिपक्व होताना सीसीआर२ उतरतो, म्हणून सातव्या दिवसासाठी त्याची अँटिबॉडी पुरेल असं वाटत नाही.

अशा कापांत सातव्या दिवशीही मॅक्रोफेजवर टिकून राहणारी आणि मायक्रोग्लियावर न दिसणारी खूण कुणी प्रत्यक्ष वापरली आहे का?