फ्रिट्झ पोलार्ड यांना पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक म्हणणे योग्य आहे का?

प्रश्न
अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक म्हणून अ‍ॅक्रन प्रोज संघाच्या फ्रिट्झ पोलार्ड यांचे नाव घेतले जाते. मात्र १९२१ च्या त्या हंगामात एल्गी टोबिन यांचेही नाव प्रशिक्षक म्हणून आढळते आणि पोलार्ड तर त्याच संघातून खेळतही होते. मग हा मान त्यांना कशाच्या आधारावर दिला जातो? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
त्याचे उत्तर तत्कालीन नियमांत आहे. सामना सुरू असताना सीमारेषेबाहेरून खेळाडूंना सूचना देण्यास तेव्हा मनाई होती आणि एनएफएलमध्ये (नॅशनल फुटबॉल लीग, याच लीगचे पुढचे नाव) ती १९४४ पर्यंत कायम राहिली. साहजिकच, ऐन सामन्यातले डावपेच मैदानात उतरलेल्या माणसालाच ठरवावे लागत. पोलार्ड १९१९ मध्ये अ‍ॅक्रनला आले. १९२० मध्ये या संघाने ८ सामने जिंकून, ३ बरोबरीत सोडवून, एकही न हरता लीगचे पहिले विजेतेपद मिळवले, त्यात त्यांचा वाटा फार मोठा होता. खेळत होते म्हणून ते प्रशिक्षक नव्हते, असे म्हणताच येणार नाही.

प्रतिसाद २
हे नेतृत्व त्यांनी कोणत्या परिस्थितीत केले, तेही पाहावे. वर्णद्वेषी प्रेक्षकांमुळे ते संघमालकाच्या सिगारच्या दुकानात कपडे बदलत आणि सामना सुरू होण्याच्या बेतात मोटारीने मैदानावर येत. जेमतेम ७५ किलो वजनाचा हा माणूस खाली पाडला गेला, की लगेच पाठीवर वळून बुटांचे खिळे वर करून पाय झाडत असे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना मुद्दाम अंगावर उड्या मारता येऊ नयेत. अशा वातावरणात गोऱ्या सहकाऱ्यांनी त्यांचा शब्द मानावा, ही मला विजेतेपदाहूनही मोठी गोष्ट वाटते.

प्रतिसाद ३
वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, तरी टोबिन यांचे नाव पुसण्याचे कारण नाही. दोघांना सहप्रशिक्षक म्हणणेच न्याय्य ठरेल. पोलार्ड यांनी पुढे हॅमंड प्रोज संघाचेही प्रशिक्षकपद सांभाळले. त्यानंतर १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तेव्हा पोलार्ड यांनी हार्लेममध्ये ब्राउन बॉम्बर्स हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ घडवला. एनएफएलला पुढचे कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आर्ट शेल, थेट १९८९ मध्ये लाभले. पोलार्ड १९८६ मध्येच वारले होते. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमधील नामवंतांच्या सन्मानयादीत, त्यांचा समावेश २००५ मध्ये झाला, आणि हा विलंब मला अक्षम्य वाटतो.