विषय: संक्रांतीच्या जेवणात सूप (आता भज्जी)

प्रेषक: कोथरूडकर, भोजन समितीतर्फे
२२ डिसेंबर २०२४

मंडळी, नमस्कार.

संक्रांतीचा कार्यक्रम १८ जानेवारीला, शनिवारी, नेहमीच्याच शाळेच्या हॉलमध्ये. तिळगूळ, हळदीकुंकू, बोरनहाण सगळं ठरलंय, जेवणाचं तेवढं अडलंय. गेल्या वर्षी पुलाव आणि काकडीची कोशिंबीर दिली होती. इथे कॅनडात बाहेर उणे अठरा असताना लोकांनी कुडकुडत काकडी खाल्ली, हे मला अजून ऐकवलं जातं. यंदा पातेल्यातून वाफ निघेल असंच काहीतरी हवं. तळण चालणार नाही, हॉलवाल्यांची मनाई आहे.

माझ्या शेजारच्या आजी इटलीतल्या टस्कनीच्या. थंडी पडली की त्या 'रिबोलिता' नावाचं सूप करतात. पांढरे बीन्स, काळपट केल ही पालेभाजी, कोबी, गाजर, कांदा आणि शिळा पाव. इतकं घट्ट की चमचा उभा राहावा. असं काही केलं तर? ९० माणसं धरा. एवढ्या प्रमाणात कुणी केलंय का?

प्रेषक: औसेकर वहिनी
२२ डिसेंबर २०२४

कोथरूडकर ताई,

पातेलंभर शेंगांचे दाणे आणि पालेभाज्या शिजवायला टस्कनीला कशाला जायचं? लातूरला चला. पुढच्या सोमवारी, ३० तारखेला, आमची वेळ अमावस्या. आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी लातूर-धाराशिवच्या घराघरात भज्जी शिजते आणि सगळं गाव जेवायला शेतात जातं. आमचे 'हे' दहा दिवसांसाठी गावी गेलेत ते त्याच्याच ओढीने. विमानाचं तिकीट काढताना कारण 'आईची तब्येत' सांगितलं होतं. आईंची तब्येत ठणठणीत आहे.

प्रेषक: डोंबिवलीकर
२३ डिसेंबर २०२४

तळणाला मनाई आहे ना? मग भज्जी कशी करणार? कांदाभजी असतील तर मी हॉलवाल्यांशी भांडायला तयार आहे.

प्रेषक: औसेकर वहिनी
२३ डिसेंबर २०२४

भजी नव्हे हो, भज्जी. दोन ज. तेल लागतं ते फोडणीपुरतं.

प्रेषक: औसेकर
३१ डिसेंबर २०२४

सर्वांना नमस्कार, मुक्काम पोस्ट आमचं शेत, तालुका औसा.

सौ.ने मला या चर्चेत ओढलंच आहे तर कालचं सगळं सांगतो. फोनवर टाइप करतोय, चुका पोटात घाला. (चुका म्हटल्यावर आठवलं, चुका ही पालेभाजी भज्जीत पाहिजेच पाहिजे.)

परवा संध्याकाळी आईने ओसरीवर चादर अंथरली आणि त्यावर ढीग ओतला. तुरीच्या शेंगा, वालाच्या शेंगा, पावटा, हरभऱ्याचे घाटे, वाटाणा. घरातल्या प्रत्येकाने सोलायला बसायचं, पाहुण्याला सूट नाही. घाटे सोलून माझी बोटं आंबट झाली. हरभऱ्याच्या पाल्यावर आणि घाट्यांवर ती जी आंब असते ना, ती नखात शिरते आणि रात्री जेवताना वरणही आंबट लागतं. पंचवीस वर्षांनी हा अनुभव घेतला. दुसरीकडे काकू पाला निवडत होती: मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, हरभऱ्याचा कोवळा शेंडा.

यातलं आमच्या शेतातलं किती म्हणाल, तर तूर आणि हरभरा. बाकी सगळं लातूरच्या गंजगोलाई बाजारातून आणलेलं. लहानपणी बांधावर पावटा, वाल, अंबाडी असायचीच, भज्जीसाठी बाजार कोण करतंय? आता खरिपात सोयाबीन आणि त्यात तुरीची पाटं, रब्बीला हरभरा. आईचं म्हणणं, "रानात जे हाय त्याची भज्जी. आता रानात हायच काय?" भज्जी मुळात ही आहे: अमावस्येच्या दिवशी शेतात उभं असेल ते एका पातेल्यात. म्हणून तिची एकच एक कृती कुणी सांगू लागलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

काल पहाटे चारला चूल पेटली. आधी दाणे शिजवले, नुसत्या पाण्यात आणि मिठात. त्यात मूठभर शेंगदाणे, गाजराचे तुकडे. दाणे बोटाने चेपायला लागले तेव्हा चिरलेला पाला. तो बसला की आंबट ताकात कालवलेलं डाळीचं पीठ, बारीक धारेने, एका हाताने ढवळत. मग चिंचेचा कोळ. शेवटी हिरवी मिरची, लसूण आणि जिरं यांचा ठेचा फोडणीत परतून वरून. काळा मसाला नाही, गरम मसाला नाही. मी विचारलं, येसर (आमटीचा मसाला) घालू का थोडा? आई म्हणाली, "आमटी करायलास का?"

पीठ घालताना तिचा एकच धाक होता, "लई घालू नको, पिठलं हुईल." भज्जी डावातून पडताना सळसळत नको आणि गपकन गोळाही पडायला नको. दाणे दिसले पाहिजेत.

मग सगळं टोपल्यात घालून शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून ठेवली होती. आत पाच दगड, चुना लावलेले, ते पांडव. पूजा झाली, आंबील शिंपडली. बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), भज्जी, गव्हाची खीर, शेंगदाण्याची पोळी आणि बिंदग्यातली (छोट्या घागरीतली) गार आंबील. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, ओळख असो-नसो. काल आमच्या कोपीत एक मोटरसायकलवाला बसला होता, जेवून गेला, कोण होता ते कुणालाच माहीत नाही.

चिंच आणतोय. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीची. तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि कास्तीच्या कोथिंबिरीलाही. वडील म्हणाले, "मानांकन गावलं, भाव कवा गावतो बघू."

प्रेषक: परभणीकर
१ जानेवारी २०२५

औसेकर दादा, वाचून जळफळाट झाला, नववर्षाच्या शुभेच्छा.

एक नोंद करून ठेवते. मराठवाडा म्हणजे नुसतं लातूर नाही. आमच्या माहेरी येळवस नाही, आमच्याकडे भोगी. ती यंदा १३ जानेवारीला. भोगीच्या भाजीतही तेच सगळं पडतं, हरभरा, पावटा, गाजर, वांगं, बोरं, पण त्यात तिळाचा कूट आणि काळा मसाला, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. कार्यक्रम संक्रांतीचा आहे तर भोगीची भाजी का नको, एवढंच विचारते.

प्रेषक: औसेकर वहिनी
१ जानेवारी २०२५

कारण भोगीची भाजी ताटात वाढतात आणि कोथरूडकर ताईंना वाटीतून प्यायचं काहीतरी पाहिजे. भाकरी मात्र तुमच्याकडची, तीळ लावून. ९० भाकऱ्या थापायला किती जणी येताय ते कळवा.

प्रेषक: मास्तर
३ जानेवारी २०२५

मी चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे न विचारता बोलतो.

औसेकरांच्या मातोश्रींनी आंबट शेवटी घातलं, ते अगदी बरोबर. कडधान्याच्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने एकमेकींना चिकटलेल्या असतात. शिजताना ते पेक्टिन विरघळलं की दाणा मऊ होतो. पातेल्यात चिंच, ताक, टोमॅटो असलं काही आधीच पडलं की पेक्टिन विरघळायला तयार होत नाही आणि दाणे तासन् तास टणक राहतात. जड पाण्यातही हेच. त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला धरून ठेवतं. लातूरला वसतिगृहात असताना बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नसे तेव्हा आम्ही आचाऱ्याला शिव्या देत होतो. बिचाऱ्याचा दोष नव्हता. पालाही आंबटात फार वेळ राहिला की हिरवा रंग जाऊन शेवाळी होतो.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. ताज्या दाण्यांऐवजी कुणी वाळका राजमा किंवा पांढरे बीन्स घालणार असेल तर रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळा उकळी आणा. मग मंद आचेवर न्या. कच्च्या राजम्यात एक लेक्टिन, म्हणजे विषारी प्रथिन, असतं, लाल राजम्यात सगळ्यात जास्त. स्लो कुकरमध्ये थेट टाकला तर आच उकळीपर्यंत जात नाही आणि ते लेक्टिन तसंच राहतं. मी या देशात नवा असताना स्वतः हा पराक्रम केला आहे. चार पाहुणे, एकच बाथरूम. अधिक वर्णन करत नाही. डब्यातले बीन्स आधीच शिजवलेले असतात, त्यांना हा धोका नाही.

प्रेषक: औसेकर वहिनी
१२ जानेवारी २०२५

काल घरी चाचणी घेतली. बारा जणांपुरती. हिशेब असा.

ब्रॅम्प्टनच्या दुकानात गोठवलेले तुरीचे दाणे मिळाले, पाकिटावर 'तुवेर लीलवा' लिहिलेलं असतं, आणि वालाचे 'पापडी लीलवा'. गुजराती मंडळींचे आभार. हिरवा हरभराही गोठवलेला. तिन्ही मिळून पाऊण किलो, वर मटार दीडशे ग्रॅम आणि शेंगदाणे एक मूठ. पालकाच्या दोन जुड्या, मेथीची एक, कांद्याची पात. एक वाटी बेसन, एक लिटर आंबट ताक, लिंबाएवढी चिंच, बारा मिरच्या, लसणाचे दोन गड्डे. तयार भज्जी तीन लिटरच्या आसपास झाली. आठपट केलं की ९० जणांना पावशेर वाटी पडते आणि थोडी उरते. मिरच्या आठपट करायच्या नाहीत. साठांवर थांबायचं.

चुक्याने रडवलं. इथे सॉरेल म्हणून मिळतो तो त्याचाच भाऊबंद, पण एवढीशी डहाळी प्लास्टिकच्या डबीत आणि किंमत सोन्याची. म्हणून पालक वाढवला आणि चिंच जरा जास्त. केल घालून पाहिला. पालकाबरोबर टाकला तर तो चामड्यासारखा राहतो. देठ काढून, बारीक चिरून, पाव तास आधी टाकला तर जमतो. सासूबाईंना व्हिडिओवर दाखवला. त्या म्हणाल्या, "ह्यो कसला पाला? जनावरं खात्यात का?" मग थोडा विचार करून म्हणाल्या, "रानात हाय तर घाल."

एक चूक झाली. पहिली खेप मी मोठ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात केली. ताक, चिंच, पालक, सगळंच आंबट. तासाभराने भज्जीला धातूची चव यायला लागली आणि पातेलं आतून चकचकीत झालं. ती खेप ओतून दिली. कार्यक्रमाला स्टीलचीच पातेली आणा.

आणि पीठ कालवताना ताक फ्रिजमधून काढलेलं थेट नको. पीठ आधी ताकात नीट घुसळायचं, गुठळी राहू द्यायची नाही. बेसन असलं की ताक फाटत नाही, पण धार बारीक पाहिजे आणि हात थांबता कामा नये. दहा मिनिटं तरी रटरटू द्या, कच्च्या पिठाचा वास गेला पाहिजे.

प्रेषक: कोथरूडकर, भोजन समितीतर्फे
१९ जानेवारी २०२५

मंडळी,

काल ९४ माणसं जेवली. काकडीचं नाव कुणी काढलं नाही. डोंबिवलीकरांनी तीन वाट्या घेतल्या आणि तरी 'सोबत कांदाभजी हवी होती' म्हणालेच. परभणीकर ताईंनी आणि चौघींनी मिळून घरून भाकऱ्या करून आणल्या, तीळ लावलेल्या. ७० होत्या, अर्ध्या-अर्ध्या केल्या.

शेजारच्या इटालियन आजींनाही बोलावलं होतं. पहिल्या घासाला आंबट लागल्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या. मग समोरच्याने भाकरी कुस्करून वाटीत घातली ते त्यांनी पाहिलं आणि स्वतःही घातली. जेवण झाल्यावर हळूच मला विचारलं, उद्यासाठी थोडं बाजूला काढलंय ना? त्यांच्याकडे रिबोलिता म्हणजेच 'पुन्हा उकळलेलं'. आदल्या दिवशीचं सूप, त्यात शिळा पाव, दुसऱ्या दिवशी परत चुलीवर. पहिल्या दिवशी खाल्लं तर ते नुसतं सूप.

प्रेषक: औसेकर
१९ जानेवारी २०२५

आजींना सांगा, आमच्याकडे येळवसच्या दुसऱ्या दिवशी कुणी स्वयंपाकच करत नाही. उरलेली भज्जी गरम करायची, तोवर ती घट्ट झालेली असते, म्हणून पळीभर पाणी, वरून लसणाची नवी फोडणी आणि कालचे उंडे कुस्करून. आत्ता सकाळी तेच खाऊन हे लिहितोय.

आमचं २० लिटरचं स्टीलचं पातेलं परत आलं, झाकण आलेलं नाही. ज्यांच्या गाडीत असेल त्यांनी कळवावं. आणि झाकणाबरोबर डब्यातली उरलेली भज्जी कुणी नेली असेल तर तीही कळवा. चिंच पानचिंचोलीची होती.