सरांच्या नावाची शिष्यवृत्ती कोणाला?

दहावीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या खेळाडूला आपल्याला फुटबॉल शिकवणाऱ्या सरांच्या नावाची शिष्यवृत्ती द्यावी, ही सूचना मला पटत नाही. सर गणित शिकवायचे खरे, पण गोल्फ क्लब मैदानावर येताना स्कूटरला जुन्या बुटांची गोणी बांधलेली असायची. अनवाणी पोराला मापाचा जोड मिळेपर्यंत शिट्टी वाजत नसे! पैसे अशाच मुलांना मिळावेत. मुलींनाही, त्यांना मैदानात सरांनीच आणलं.

५ लाखांची ठेव ७ टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला ३५ हजार व्याज येतं. त्यात दोघांची फी, बूट आणि सुब्रोतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या निवडफेऱ्यांचा प्रवास भागवता येईल. मुद्दलाला हात लावायचा नाही. आधी धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदणी, मगच देणग्या. कागदपत्रांची धावपळ मी करतो.