किचन फिटिंगच्या कामासाठी कॉर्डलेस ड्रिल: एकच मोठे घ्यावे की दोन वेगळी? मदत हवी आहे

नमस्कार,

मी कळव्याला राहतो आणि मॉड्युलर किचन व वॉर्डरोब बसवण्याची कामे घेतो. कामे बहुतेक घोडबंदर रोड, ऐरोली, घणसोली आणि खारघर या भागांत असतात. आता कॉर्डलेस ड्रिल बदलायचे आहे. मात्र दुकानदार दरवेळी जे शिल्लक असेल त्याचीच भलामण करतो, म्हणून रोज मशीन हाताळणाऱ्यांना विचारत आहे.

सध्याचे मशीन 12 व्होल्टचे, कार्बनवाले (मोटरमध्ये झिजणारे कार्बन ब्रश असलेले), हॅमरची सोय असलेले आहे. प्लायमध्ये स्क्रू बसवणे, बिजागऱ्या, चॅनल, हँडल या कामांत त्याने तीन वर्षे कधी कुरकूर केली नाही. अडते ते भिंतीपाशी. जुन्या सिडकोच्या इमारतींत विटेची भिंत असेल तर निभावते, परंतु नव्या टॉवरमध्ये मायवानच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या अखंड काँक्रीटच्या भिंती असतात आणि खोल्यांमधल्या आतल्या भिंतीसुद्धा तशाच असतात.

मागच्या महिन्यात कासारवडवलीच्या एका फ्लॅटमध्ये वरच्या कॅबिनेटसाठी 8 मिमीची चौदा भोके पाडायची होती. पहिल्याच भोकात बिट जेमतेम दीड सेंटिमीटर आत गेले आणि नुसते फिरत राहिले. भुकटी पडायची थांबली, बिटाचे टोक निळे पडले आणि मशीनचा पाठचा भाग हात लावता येणार नाही इतका तापला. शेवटी खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून वायरवाले रोटरी हॅमर उसने आणले. फ्लॅटमध्ये अजून मीटर नव्हता, त्यामुळे जिन्यातल्या तात्पुरत्या जोडणीपासून दोन एक्स्टेन्शन जोडून वायर ओढावी लागली. त्यातच दुपारी सोसायटीची ड्रिलिंग बंदीची वेळ सुरू झाली आणि अर्धा दिवस गेला.

बॅटरीचा अनुभव त्याहून वाईट आहे. मागच्या वर्षी घेतलेली जोडबॅटरी आठव्या महिन्यात बसली: चार्जरवर हिरवा दिवा लागतो आणि दहाबारा स्क्रूंनंतर मशीन थांबते. मशीनला वर्षाची वॉरंटी असली तरी बॅटरीला सहाच महिन्यांची, हे मला सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर कळले. बिलावर तसे छापलेले होते, हे मान्य.

आता माझ्यासमोर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे 18 व्होल्टचे, ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेले), 13 मिमी चकचे, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडाचे, इम्पॅक्ट ड्रिल घेऊन सगळी कामे त्यावरच करायची. दुसरा म्हणजे कॅबिनेटसाठी हलके 12 व्होल्ट ठेवायचे आणि भिंतीसाठी वेगळे रोटरी हॅमर घ्यायचे. मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने बॅग खांद्यावर घेऊन जातो, त्यामुळे प्रत्येक किलोचा विचार करावा लागतो. शिवाय काही खोक्यांवर 20 व्होल्ट आणि काहींवर 18 व्होल्ट लिहिलेले असते. त्यात खरोखर फरक आहे का? ज्यांनी ब्रशलेस मशीन दोन वर्षे तरी रोज वापरले आहे, त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

मी कोपरखैरण्याला इलेक्ट्रिकल फिटिंगची कामे करतो. आधी व्होल्टचे सांगतो. या बॅटरीत 3.6 व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणजे 18. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल 4 ते 4.2 व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे एकूण 20-21, म्हणून काही कंपन्या खोक्यावर 20 छापतात. जात एकच आहे. त्याऐवजी अँपिअर-अवर (Ah), म्हणजे बॅटरीची साठवण पाहा: 18 व्होल्टची 2 Ah बॅटरी 36 वॅट-अवर देते, तर 4 Ah ची 72, अर्थात वजनही वाढते.

तुमची मूळ अडचण व्होल्टची नाही, ठोक्याची आहे. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोका निर्माण करतात आणि तो ठोका तुम्ही मागून किती रेटता यावर अवलंबून असतो. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन दाबलेल्या हवेने ठोका देतो, त्यामुळे हाताने रेटावे लागत नाही आणि काँक्रीट फुटते. तेव्हा 18 व्होल्टचे इम्पॅक्ट ड्रिल घेतलेत तरी मायवानच्या भिंतीत एखाददुसरे भोक पडेल, पण चौदा भोकांना तुमचाच खांदा भरून येईल. ब्रशलेसमध्ये कार्बन झिजण्याची भानगड नसते आणि त्याच बॅटरीवर काम जास्त वेळ चालते, एवढा फायदा नक्की आहे.

माझा सल्ला: 18 व्होल्टचे लहान ड्रिल आणि एसडीएस-प्लसचे (बिट खटक्याने अडकवायच्या पद्धतीचे) कॉर्डलेस रोटरी हॅमर, दोन्ही एकाच बॅटरीच्या कुटुंबातले घ्या. घेण्यापूर्वी बॅटरी अदलाबदल करून दुकानातच पाहा. बॉशच्या निळ्या व्यावसायिक मशीनची बॅटरी हिरव्या घरगुती मशीनला बसत नाही, आणि मकिताची 12 व्होल्टची बॅटरी 18 व्होल्टच्या मशीनला लागत नाही. भोके पाडून तापलेली बॅटरी लगेच चार्जरवर चढवू नका, थंड होऊ द्या. माझ्या मते तुमची जोडबॅटरी त्यामुळेच बसली असावी.

मूळ धागाकर्ता:

मनापासून आभार. मी खरोखरच जेवणाच्या सुट्टीत गरम बॅटरी तशीच चार्जिंगला लावत होतो. दोन मशीन, एकच बॅटरी हे पटले. हॅमर मदतनीसाच्या बॅगेत जाईल. आता एवढेच विचारायचे आहे की, वागळे इस्टेट किंवा तुर्भे परिसरात बॅटरीची तक्रार काउंटरवरच तपासून देणारे सर्व्हिस सेंटर कोणाच्या अनुभवात आहे का? ज्या कंपनीचे सेंटर जवळ असेल, तिचेच मशीन घेईन.