बाई माइकवर आली की लोक हसण्याआधी थांबतात का?

घोडबंदरची_ताई
मी ठाण्यात मराठी स्टँडअप करते, बहुतेक ओपन माइक, म्हणजे कोणीही नाव देऊन माइकवर येऊ शकतं असे कार्यक्रम. सोसायटीतल्या पाण्याच्या टँकरवरचा माझा एक तुकडा आहे: टँकर गेटमधून आत आला की सेक्रेटरी ग्रुपवर फोटो टाकतो, जणू घरी नवीन गाडी आलीय, फक्त हार घालायचा बाकी. माझ्याबरोबरचा एक मुलगाही सेक्रेटरीवरच बोलतो. त्याच्या पहिल्याच वाक्याला हशा पडतो. माझ्या वेळी पुढच्या रांगेतले आधी एकमेकांकडे बघतात. बायका नवऱ्याकडे बघतात, तो हसला की मग त्या. स्टेजवरून हे स्वच्छ दिसतं. नंतर त्याला "पंच भारी होता", आणि मला "घरचे काही बोलत नाहीत?" हे विचारणाऱ्या काकूही असतात, त्याचं जास्त लागतं. तुम्ही प्रेक्षक म्हणून काय करता, खरं सांगा.

वाशीकर
निर्मिती सावंत, विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव. यांना बघून आमचं अख्खं घर हसतं, आजीसकट. पण त्या पात्र रंगवतात. स्वतःच्या नावाने उभं राहून स्वतःचं मत सांगणारी बाई आपल्याला जड जाते. मलाही जाते.

नौपाड्याचे_काका
हे जुनं आहे, ताई. तमाशात सोंगाड्या पुरुष, गौळणीतली मावशीसुद्धा पुरुषच. बाईने नाचायचं, गायचं. हसवणं गड्याचं काम. टीव्हीवर 'चला हवा येऊ द्या'मध्येही सागर कारंडे, भाऊ कदम साडी नेसून हशा घ्यायचे.

ऐरोली_सायकॉलॉजी
२०११ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी मुलामुलींकडून 'न्यू यॉर्कर' या अमेरिकन नियतकालिकातल्या व्यंगचित्रांखाली ओळी लिहून घेतल्या आणि नावं झाकून त्यांना गुण द्यायला लावले. मुलांच्या ओळी पुढे होत्या, पण पाचात जेमतेम ०.११ने, आणि तेवढं झुकतं मापही मुख्यतः पुरुषांनीच दिलेलं. मग कुठली ओळ कोणाची ते आठवायला सांगितलं. चुका झाल्या तिथे गमतीदार ओळी पुरुषांच्या नावावर गेल्या, फसलेल्या बायकांच्या. आठवणारे दोघंही होते, पुरुष आणि बायका.

घोडबंदरची_ताई
वाशीकर, अगदी बरोबर पकडलंत! सासूचा आवाज काढला की लोक लगेच हसतात. "मला वाटतं" म्हटलं की गप्प. पण मला सासू व्हायचं नाहीये. टँकरचा मेंटेनन्स मी भरते, त्यावर मीच बोलणार.

कळवा_ओपनमाइक
आम्ही कार्यक्रम लावतो, म्हणून सांगतो. सूत्रसंचालक "आता एक लेडी कॉमेडियन" म्हणून बोलावतो ना, तिथेच लोक हात बांधून बसतात. मुलांना कोणी "जेंट्स कॉमेडियन" म्हणत नाही. नुसतं नाव घ्यायला सांगा. आणि एका रात्रीत मुलगी एकटी नको, निदान तिघी हव्यात.

घोडबंदरची_ताई
शनिवारच्या शोवाल्यांना आत्ताच मेसेज टाकते. तुमच्याकडे आणखी दोघी असतील तर नंबर इथे नको, मला खाजगीत कळवा.