‘गॅलंट’ म्हणजे नुसता शूर का?

प्रश्न : इंग्रजीतील एका लेखाचा अनुवाद तपासताना ‘गॅलंट’ हे विशेषण आधी जखमी सैनिकासाठी आणि पुढे एका बाईंना आपली खुर्ची देणाऱ्या वृद्ध गृहस्थांसाठी आलेले दिसले. अनुवादकाने दोन्हीकडे ‘शूर’ लिहिले आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी ते हास्यास्पद वाटते. ‘ब्रेव्ह’च्या जागी हा शब्द सरसकट चालतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : सरसकट चालत नाही. हा शब्द फ्रेंचमधून आला. मुळातल्या क्रियापदाचा अर्थ मौजमजा करणे असा असल्याने रुबाब, ऐट आणि दिलदारपणा यांची छटा त्याला पहिल्यापासून चिकटलेली आहे. इंजेक्शन घेताना न रडणारे मूल ‘ब्रेव्ह’ ठरते. त्याला ‘गॅलंट’ म्हटले, तर ती थट्टा होईल. हरलेल्या पण शेवटपर्यंत झुंजलेल्या संघाला मात्र वर्तमानपत्रे हौसेने ‘गॅलंट’ म्हणतात. स्त्रियांशी अदबीने वागणारा, या अर्थी काही जण उच्चारात दुसऱ्या अक्षरावर जोर देतात. आपल्या गृहस्थांना ‘अदबशीर’ म्हणावे. ‘स्त्रीदाक्षिण्य’ हा शब्दही आहे, पण तो वाक्यात जड होतो.

उत्तर २ : लष्करी वापराबद्दल थोडी भर घालतो. ब्रिटनच्या व्हिक्टोरिया क्रॉसवर ‘फॉर व्हॅलर’ असे कोरलेले असते, तर 1940 मध्ये सुरू झालेल्या आणि प्रत्यक्ष शत्रूसमोर नसतानाच्या धाडसासाठीही दिल्या जाणाऱ्या जॉर्ज क्रॉसवर ‘फॉर गॅलंट्री’. म्हणजे या शब्दाला समोर शत्रू लागतोच असे नाही. आपल्याकडेही परमवीर चक्र आणि शांतताकाळातले अशोक चक्र ही दोन्ही ‘गॅलंट्री’ पदकांतच मोडतात, आणि मराठीत त्यांना आपण शौर्यपदके म्हणतो. 1948 मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर शत्रूच्या माऱ्यात सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून देणाऱ्या रामा राघोबा राणे यांना परमवीर चक्र मिळाले. तेव्हा सैनिकासाठीचे ‘शूर’ अनुवादकाने बेलाशक ठेवावे.

उत्तर ३ : ब्रिटिश संसदेत लष्करी अधिकारी राहिलेल्या सदस्याचा उल्लेख ‘ऑनरेबल अँड गॅलंट’ असा करण्याची प्रथा होती. तिथे त्या सदस्याने रणांगणावर काय गाजवले याची चौकशी कोणी करीत नसे. असा उल्लेख अनुवादात आला, तर ‘सन्माननीय आणि शूर’ लिहिण्याऐवजी ‘माजी सेनाधिकारी असलेले सन्माननीय सदस्य’ असे लिहावे.