नव्याने रंगवलेली गाडी, होळीची राख आणि रविवारची रंगपंचमी (नाशिकमधल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा)

बी-१०४: सगळ्यांना नमस्कार. आमची गाडी काल संध्याकाळी गॅरेजमधून आली. बॉनेट आणि उजवीकडचे दोन्ही दरवाजे नव्याने रंगवलेत, गडद निळा मेटॅलिक. गॅरेजवाला म्हणतोय याच आठवड्यात सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा संरक्षक थर) करून घ्या, नाहीतर रंग खराब होईल. पैसे बरेच सांगतोय. त्यात आज सकाळी बघते तर बॉनेटवर होळीची राख बसलीय. कोणाला माहिती असेल तर सांगा प्लीज.

ए-२०३: ताई, करूनच टाका. मी नवी गाडी घेतली तेव्हा शोरूममधून आणली आणि लगेच कोटिंग केलं. अजून चकाचक आहे.

बी-४०२: राख ओल्या फडक्याने पुसून घ्या, लगेच निघेल.

सी-३०२: पुसू नका ताई. सध्या फडकं लावूच नका. बाकीचं सविस्तर टाइप करतो, थोडा वेळ द्या.

बी-१०४: हो काका, थांबते. तुम्ही पेंट शॉपलाच होता ना?

सी-३०२: हो, रिटायर होईपर्यंत तेच केलं. म्हणून सांगतो. कारखान्यात नव्या गाडीला रंग मारतात तेव्हा तो नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. सीट नाही, वायरिंग नाही, रबर नाही. त्यामुळे तो १४० अंशांच्या आसपास भट्टीतून काढता येतो आणि रंग तिथेच पक्का होतो. ए-२०३ च्या दादांचं लगेच केलेलं कोटिंग चाललं ते यामुळे. गॅरेजमध्ये अख्खी गाडी एवढी तापवता येत नाही. तिथे बूथमध्ये, म्हणजे बंद गरम खोलीत, ६० अंशांच्या आसपास अर्धा-पाऊण तास ठेवतात. काही ठिकाणी तर बूथच नसतो, रंग हवेवर सुकवतात.
वरच्या क्लिअर कोटमध्ये, म्हणजे पारदर्शक थरात, हार्डनर मिसळलेलं असतं. रंग हाताला कोरडा लागला तरी आतला थिनर हळूहळू उडत असतो आणि हार्डनरचं कामही पुढे बरेच दिवस चालू असतं. दुधावर साय धरली म्हणजे खालचं दूध घट्ट झालं असं नाही ना, तसंच. या अवस्थेत वर वॅक्स, टेफ्लॉन, सीलंट काहीही चढवलं तर थिनर आतच कोंडतो. मग चकाकी जाते, रंग मऊ राहतो, कधी बारीक फोडही येतात. फोड आले तर तो भाग घासून पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज नाही.

ए-२०३: हे माहीत नव्हतं काका. मग किती थांबायचं?

सी-३०२: वॅक्स-पॉलिशसाठी बहुतेक रंग कंपन्या निदान ३० दिवस सांगतात, काही ६० ते ९० सुद्धा. सिरॅमिकचं कंपनीगणिक वेगळं असतं. ताई, गॅरेजवाल्याला दोनच गोष्टी विचारा: गाडी बूथमध्ये भाजली की हवेवर सुकवली, आणि क्लिअर कोट कुठल्या कंपनीचा. त्या कंपनीच्या माहितीपत्रकात मुदत लिहिलेली असते. उशीर केल्याने रंग खराब होतो हे त्याचं म्हणणं बरोबर नाही. महिनाभर थांबा, काही बिघडत नाही.

बी-१०४: फोन केला. बूथ आहे म्हणतो, पण माझी गाडी बूथमध्ये घेतली होती का यावर नीट उत्तर देत नाहीये. लांबी (पुटी) फक्त मागच्या दरवाज्याला भरलीय, बाकी घासून रंगवलंय.

सी-३०२: मग हवेवर सुकवलाय असंच धरून चाला. आणि त्या मागच्या दरवाज्यावर लक्ष ठेवा. लांबी जाड भरली असेल किंवा पुरती वाळायच्या आत रंग मारला असेल तर काही आठवड्यांनी ती बसते आणि तिच्या कडा वर उमटतात. सकाळचं तिरकं ऊन दरवाज्यावर पडलं की एका टोकाला उभं राहून पत्र्याच्या रेषेत बघा, लगेच कळेल. दिसलंच तर फोटो काढून गॅरेजवाल्याला दाखवा. कामाची गॅरंटी बिलावर लिहून घेतली नसेल तर उद्याच घ्या.

बी-१०४: उद्याच घेते. आणि राखेचं काय करू काका? 😟

सी-३०२: गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला थंड लागेल तेव्हा मगने वरून खाली भरपूर पाणी सोडा. राख आपोआप वाहून जाईल. हात लावू नका, शाम्पू नको, प्रेशरचा फवारा तर मुळीच नको. पण भिजवून अर्धवटही सोडू नका, राखेचं पाणी क्षारांचं असतं. पूर्ण निघेपर्यंत ओता. मग मऊ मायक्रोफायबर टॉवेल वर पसरायचा आणि सरळ उचलायचा. घासायचं नाही, पाणी नुसतं टिपून घ्यायचं.

बी-४०२: काका, माफ करा, पण खजिनदार म्हणून आठवण करून देतो. पाइप लावून गाड्या धुवायला मीटिंगमध्ये बंदी ठरलीय. आता तर उन्हाळा तोंडावर आहे.

सी-३०२: बरोबर आहे तुमचं. पाइप लागतही नाही, दोन बादल्यांत होतं. आणि ताई, पार्किंगच्या नळाचं पाणी घेऊच नका, ते बोअरचं आहे. त्याचे थेंब बॉनेटवर वाळले की पांढरे गोल डाग पडतात. कोवळ्या रंगावरून ते काढायला पॉलिश मारावं लागतं, आणि पॉलिशच तर सध्या चालत नाही. घरातलं नळाचं, म्हणजे गंगापूर धरणाचं पाणी बादलीने खाली न्या.

बी-१०४: नेते. सकाळी गाड्या पुसणाऱ्या मामांना काय सांगू?

सी-३०२: महिनाभर गाडीला हात लावू नका एवढंच सांगा. मामा मन लावून काम करतात, पण एका बादलीत इतक्या गाड्या होतात. त्यात सध्या सिंहस्थाच्या रस्त्यांच्या कामांची धूळ, म्हणजे बारीक रेतीच. तेच फडकं मऊ क्लिअर कोटवर फिरलं की गोल गोल ओरखडे पडतात, आणि गडद निळ्यावर ते उन्हात लांबूनही दिसतात. धूळ बसली तर बसू द्या, पंधरवडाभर गाडी मळकी दिसली तरी चालेल. कव्हरसुद्धा घालू नका. वाऱ्याने ते घासतं आणि आत वाफ कोंडते.

बी-१०४: मामांचे या महिन्याचे पैसे मी पूर्ण देणार आहे, त्यांचं नुकसान नको.

ए-५०१ काकू: हे छान केलंस गं. पण पाडव्याला गाडीची पूजा करशील ना? बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो आपण.

सी-३०२: वहिनी, पूजा अवश्य होऊ द्या, फक्त या वर्षी स्वस्तिक पुढच्या काचेवर काढा. ओलं कुंकू नव्या रंगावर राहिलं तर डाग धरू शकतं. आणि हार बॉनेटला चिकटपट्टीने लावू नका, आरशांना बांधा. चिकटपट्टी ओढताना रंगाचा पापुद्रा येऊ शकतो.

ए-५०१ काकू: बरं बाई, काचेवर काढू.

सेक्रेटरी: या चर्चेवरून लक्षात आलं. रविवारी रंगपंचमी आहे आणि मुलांचा रंगाचा पिंप बी विंगच्या पार्किंगसमोर ठेवायचं ठरलंय. बी-१०४ ची गाडी तिथेच उभी असते.

बी-१०४: अरे देवा. मुलांना अडवायचं नाही हो, वर्षातून एकदा खेळतात.

सी-३०२: मुलांचा प्रश्न नाही, पक्क्या रंगाचं पाणी कोवळ्या क्लिअर कोटवर वाळलं तर छटा राहू शकते. आणि आपल्याकडे मोठ्यांचंही बघावं लागतं. तिवंध्याच्या नाहीतर शनिचौकाच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारून आलेली मंडळी निथळत पार्किंगमध्ये येतात आणि गप्पा मारत जवळच्या गाडीला टेकून उभी राहतात. दरवर्षी बघतो. गाडी तिथून हलवलेली बरी.

सेक्रेटरी: पिंप ए विंगकडे घेऊ का?

बी-४०२: तिकडे उतार आहे, सगळं रंगीत पाणी लिफ्टच्या खड्ड्यात जाईल. नको.

सी-३०२: तसंही ताईंची सध्याची पार्किंगची जागा मला पटत नाही. वर आंबा आहे, सध्या मोहोर आहे. तुडतुड्यांचा चिकटा खाली गाड्यांवर पडतो, आणि वरच्या पाइपवर कबुतरं बसतात. विष्ठेत आम्ल असतं आणि उन्हात तापलेला पत्रा ते आणखी लवकर मुरवतो. नव्या रंगावर दुपारभर राहिली तरी खळगा पडू शकतो. ताई, कधी दिसलीच तर खरवडू नका, आत खडे असतात. टिश्यू पाण्यात भिजवून त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा, मऊ झाली की चिमटीने उचला, मग पाणी ओता.

ए-२०३: ताई, माझी जागा घ्या ना. ए विंगखाली आत आहे, वर स्लॅब आहे, ऊन नाही, कबुतरं नाहीत. महिनाभर मी आंब्याखाली लावतो. माझ्या गाडीला कोटिंग आहे, आणि रंगपंचमीला मी दिवसभर ऑफिसच्या गेटवर लावेन.

बी-१०४: खरंच? तुम्हाला त्रास नाही ना होणार?

ए-२०३: अजिबात नाही. फक्त माझ्या जागेत डावीकडे खांब आहे, तुमची रंगवलेली बाजू उजवी, म्हणजे पुढून आत घाला. रिव्हर्स घातलीत तर नवे दरवाजे खांबाकडे येतील.

सेक्रेटरी: माझी हरकत नाही. महिन्यापुरती अदलाबदल रजिस्टरमध्ये लिहून ठेवतो, वॉचमनलाही सांगतो. पिंप ठरल्या जागीच राहील.

बी-१०४: खूप आभार सगळ्यांचे 🙏 काका, गॅरेजवाल्याला कोटिंग नको असं कळवलं. क्लिअर कोटच्या डब्याचा फोटो मागितलाय, आला की तुम्हाला पाठवते.

सी-३०२: पाठवा. हार्डनरच्या डब्याचाही मागवा.

ए-२०३: ताई, साडेनऊला खाली येतो. मी आधी गाडी काढतो, मग तुम्ही घाला. खांबाकडे मी उभा राहतो.